इंजिनियर व्हावयाचें, पण कोणता ?

दरवर्षीं उन्हाळ्यांत दहावीचे व बारावीचे निकाल लागले, कीं अंबाजोगाईच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो. "आमच्या मुलाला इंजिनियर करावयाचें आहे, शाखा कोणती घ्यावी?" प्रश्न आईबापांच्या तोंडचा असतो, ज्याच्यासाठीं तो विचारावयाचा तो मुलगा शेजारीं मान खालीं घालून उभा असतो, आणि उत्तर बहुधा कोणा तिसऱ्याच नातेवाइकाकडून येतें. "सध्यां अमुक शाखेला मागणी आहे," एवढ्या एका वाक्यावर चार वर्षांचें शिक्षण, घरची शिल्लक आणि कित्येकदां शेताचा एखादा तुकडाहि पणास लागतो. ज्या शाखेंत आपण मुलाला घालतों तींत काय शिकवितात, ती मुळांत निघाली कशासाठीं, आणि ती शिकलेला मनुष्य दिवसभर कोणतें काम करतो, याची चौकशी मात्र फार थोड्या घरांत होते. ती चौकशी सोपी व्हावी एवढ्याचसाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों. दाखले शक्य तितके आपल्या बीड जिल्ह्यांतील व मराठवाड्यांतील घ्यावे असें आम्हीं योजिलें आहे. कारण जें डोळ्यांनीं पाहतां येतें तें लवकर समजतें.

अभियांत्रिकी म्हणजे काय ?

इंग्रजींतील इंजिनियर हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ उपजत बुद्धि किंवा चातुर्य असा आहे. शास्त्रज्ञ सृष्टीचे नियम शोधतो; अभियंता तेच नियम हातीं घेऊन मनुष्याची एखादी अडचण दूर करतो. ती दूर करतांना त्याला चार बंधनें पाळावीं लागतात. पैसा बेताचा असतो, सामान मिळेल तेंच वापरावें लागतें, वेळ ठरलेला असतो, आणि कोणाच्याहि जिवास धोका होतां कामा नये.

पाणी उताराकडे वाहतें हा नियम लहान मुलासहि ठाऊक आहे. परंतु बीडजवळची प्रसिद्ध खजिना विहीर पाहा. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकांत, ही विहीर बांधली गेली. तींतून पाणी उपसावें लागत नाहीं. जमिनीखालून खोदलेल्या बोगद्यानें, केवळ उतारावर, तें शेतांपर्यंत जातें; त्याला मोट लागली नाहीं, बैल लागले नाहींत, आणि वीजहि लागत नाहीं. नियम साधा आहे. परंतु उतार नेमका किती ठेवावा, बोगदा किती खोल न्यावा व तो कोठें वर काढावा, हें ज्यानें मोजून ठरविलें तो अभियंता होय. त्याच्यापाशीं कोणत्याहि विद्यापीठाची पदवी नव्हती. विद्या मात्र तीच होती.

पदवी देणाऱ्या संस्था मागाहून आल्या. सरकारी बांधकाम खात्यास माहितगार माणसें हवीं होतीं, म्हणून १८५४ सालीं पुण्यास एक वर्ग निघाला; त्याचेंच पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय झालें, आणि २०२२ सालीं त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईंत कापडाच्या गिरण्या वाढल्या व यंत्रें जाणणारे लोक कमी पडूं लागले, तेव्हां १८८७ सालीं तेथें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली; आज ती वीरमाता जिजाबाई यांच्या नांवानें ओळखली जाते. रंग, औषधें, तेलें यांचे कारखाने येऊं लागले, तेव्हां १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. मराठवाड्यांत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघावयास १९६० साल उजाडलें. तें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, निघालें. आतां तर आपल्या अंबाजोगाईसहि अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानांत येते. कोणतीहि शाखा कोणा पंडितानें खोलींत बसून कल्पिलेली नाहीं. लोकांची एखादी मोठी गरज उभी राहिली, आणि ती भागविण्याकरितां शाखा जन्मास आली. तेव्हां शाखा निवडणें म्हणजे लोकांची कोणती अडचण आपण जन्मभर अंगावर घेणार, हें निवडणें होय. या दृष्टीनें आतां एकेक शाखा पाहूं.

स्थापत्य

इंग्रजींत या शाखेला सिव्हिल म्हणतात, म्हणजे जी लष्करी नव्हे ती. पूर्वीं किल्ले, तोफा व फौजेचे रस्ते यांचीं कामें करणारे तेवढे इंजिनियर म्हणविले जात. रयतेच्या उपयोगाचीं कामें करणारे त्यांच्याहून वेगळे झाले, तेव्हां त्यांस हें नांव पडलें. घरें, पूल, रस्ते, लोहमार्ग, धरणें, कालवे, पिण्याच्या पाण्याचे नळ आणि गटारें हा हिचा प्रांत. हल्लीं पुष्कळ हुशार मुलें हिला गवंडीकाम म्हणून नाक मुरडतात. त्यांनीं किल्लारीची हकीकत नीट समजून घ्यावी.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरत असतां, पहांटे चारच्या सुमारास लातूर व धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. याहून मोठे भूकंप जगांत अनेक ठिकाणीं होतात, आणि तेथें इतकीं माणसें मरत नाहींत. मग येथेंच असें कां व्हावें? पडलेलीं घरें तपासल्यावर कारण उघड झालें. आपल्या भागांतील जुन्या माळवदी घरांच्या भिंती दोन-तीन फूट रुंद असतात. आंतून एक व बाहेरून एक असे दगडांचे दोन थर, मधली पोकळी गोट्यांनीं व मातीनें भरलेली, आणि दोन्ही थरांना एकत्र धरणारा आरपार दगड बहुधा नाहींच. वर लांकडी तुळया व फळ्या. त्यांवर, उन्हाळ्यांत गारवा राहावा म्हणून, मातीचा जाड थर. असें घर उन्हांत सुखाचें खरें. परंतु भूकंपाचा जोर वस्तूच्या वजनाच्या प्रमाणांत लागतो. घर जितकें जड, तितका धक्का मोठा. जमीन हालली, भिंतींचे थर एकमेकांपासून सुटले, आणि माळवदाची माती निजलेल्या माणसांवर आली.

यावर उपाय ठाऊक नव्हता असें नाहीं, व तो फारसा महागहि नव्हता. ठराविक अंतरावर आरपार दगड बसवावे, कोपऱ्यांवर भिंतींची गुंफण पक्की करावी, दारांच्या चौकटींवरून सर्व भिंतींस वेढणारा सलग पट्टा घालावा, आणि माळवदाचें ओझें हलकें करावें, एवढाच तो उपाय. ही माहिती पुस्तकांत होती. गांवांत पोंचली नव्हती. ती पोंचविणें हें स्थापत्य अभियंत्याचें काम आहे. ज्या कामावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, तें हलकें कसें म्हणावें ?

घराचा पाया हाहि असाच विषय. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हांत आटून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचें घर बांधलें, तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतींना तडे जातात. हे तडे पाहून आपण गवंड्याला दोष देतों. वस्तुतः मातीची परीक्षा कोणी केलेलीच नसते.

स्थापत्याचें दुसरें मोठें अंग पाण्याचें. मांजरा नदी आपल्याच जिल्ह्यांत, पाटोदा तालुक्यांतील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते. तिच्यावर धनेगांव येथें धरण आहे, आणि लातूर शहरासह या भागांतील अनेक गांवांचें पिण्याचें पाणी त्यावर अवलंबून आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत हें धरण कोरडें पडलें, आणि लातूरकरांसाठीं मिरजेहून, सुमारें ३४२ किलोमीटरांवरून, आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी पोंचली. तिच्या १० टाक्यांत मिळून सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. त्या टाक्या राजस्थानांतील कोट्यास वाफेनें धुऊन आणलेल्या होत्या. गाडी पाहण्यास लोक जमले व त्यांस आनंद झाला, तो योग्यच होता. परंतु अभियांत्रिकीचा खरा विजय गाडी यावी यांत नसून ती कधींच आणावी लागूं नये यांत आहे. पाऊस किती पडतो, उन्हानें किती पाणी उडतें, नळांच्या गळतींत किती जातें, कोणतें पीक किती पितें, आणि लागोपाठ दोन वर्षें पाऊस न झाल्यास तळ्यांत काय उरेल, हे हिशेब आधींच मांडणारीं माणसें या भागास हवीं आहेत. येथील मानवलोक संस्था १९८२ पासून या परिसरांत पाणलोटाचीं कामें करीत आली आहे. तीं प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यास बांध, चर आणि नाला यांचें गणित पुस्तकाविना समजेल.

या शाखेचे आदर्श म्हणून ज्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशांत अभियंता दिन म्हणून पाळतात, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या दाबानें आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीं बसविले. १९०८ सालीं मुसा नदीच्या पुरानें हैदराबाद शहराची वाताहत झाली, तेव्हां निजाम सरकारनें सल्ल्यासाठीं त्यांनाच बोलाविलें. आपला बीड जिल्हाहि त्या वेळीं त्याच राज्यांत होता.

यंत्र

ज्या मुलाला सायकल उलटी करून तिची साखळी काढल्यावांचून चैन पडत नाहीं, त्याचें मन या शाखेकडे आहे असें समजावें. उष्णतेचें गतींत रूपांतर कसें होतें, धातु कोणत्या ओझ्याखालीं वांकतो व कोणत्या ओझ्याखालीं तुटतो, दांतेरी चाकें, झडपा व पंप कसे आंखावे, आणि एकच भाग हजार वेळां तंतोतंत सारखा कसा करावा, हे हिचे विषय.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या वर सांगितलेल्या तंत्रशाळेंत शिक्षक होते. त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल या समजुतीनें शेतकरी तो घेईनात. नांगर तसेच पडून राहिले, आणि पहिले गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षें लागलीं. लक्ष्मणरावांनीं हार मानिली नाहीं. १९१० सालीं औंध संस्थानांतील एका ओसाड माळावर त्यांनीं कारखाना उभारला, आणि त्याच्याभोंवतीं किर्लोस्करवाडी वसली. यांत शिकण्यासारखें हें, कीं यंत्र कागदावर बिनचूक उतरलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. जो तें वापरणार त्याची जमीन, त्याचे बैल, त्याची ऐपत आणि त्याची भीति, हीं सर्व अभियंत्यानें जाणलीं पाहिजेत. आज मराठवाड्यांतील कोरडवाहू शेतीला सोयीचीं, लहान व स्वस्त अवजारें अजूनहि पुरेशीं नाहींत. तें काम तुमची वाट पाहत आहे.

विद्युत

या शाखेसाठीं आपणांस दूर जावयास नको. येथून सुमारें २५ किलोमीटरांवर परळीचें औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील पहिला संच १९७१ सालीं सुरू झाला. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, त्या वाफेच्या जोरानें टर्बाइनचें चाक फिरवावयाचें, आणि चाकाला जोडलेल्या जनित्रांतून वीज काढावयाची, असा हा क्रम आहे. पुढचा प्रश्न ती वीज दूर नेण्याचा. तारेंतून प्रवाह जितका मोठा, तितकी तार तापते व वीज वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला, तर नुकसान चौपट. म्हणून केंद्रावर विजेचा दाब पुष्कळ वाढवितात. दाब दहापट केला, कीं तितक्याच विजेसाठीं प्रवाह एकदशांश पुरतो, आणि तारेंतील नुकसान शतांशावर येतें. गांवाजवळ दाब पुन्हां उतरवितात. आपण ज्याला डीपी म्हणतों, तींतील रोहित्र हेंच काम करतें. डीपी जळाली म्हणजे आठ-आठ दिवस पिकें कां वाळतात, हें ज्याच्या घरीं घडलें आहे, त्याला या शाखेचें महत्त्व सांगावयास नको.

परळीच्या केंद्राची आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. २०१३ च्या दुष्काळांत हें केंद्र बंद ठेवावें लागलें. कोळसा संपला म्हणून नव्हे, तर पाणी नव्हतें म्हणून. वाफेसाठीं आणि ती पुन्हां थंड करण्यासाठीं पाणी अखंड लागतें. विजेचा अभियंता कितीहि निष्णात असला, तरी धरणांत पाणी नसेल तर त्याचें जनित्र फिरत नाहीं. शाखा निरनिराळ्या असल्या तरी काम एकमेकांच्या आधारावरच चालतें.

रसायन

प्रयोगशाळेंतील चंचुपात्रांत जें चटकन् साधतें, तें हजार लिटरांच्या टाकींत तसेंच साधेल असें नाहीं. लहान भांडें सर्व बाजूंनीं सारखें तापतें. मोठ्या टाकींत कडेचा माल करपतो व मधला कच्चा राहतो. ही अडचण सोडविणारी ती रसायन अभियांत्रिकी.

गळिताच्या दिवसांत आपल्या भागांतील एखादा साखर कारखाना पाहण्याचा योग आला, तर तो दवडूं नये. उसाचा रस आटवितांना तो थेट उघड्या कढईंत उकळीत नाहींत. बंद भांड्यांतील हवेचा दाब कमी करतात. त्यामुळें पाणी कमी उष्णतेवरच उकळतें, साखर जळत नाहीं, आणि एका भांड्याच्या वाफेवर पुढचें भांडें तापवितां येतें. रस निघाल्यावर उरलेलें चिपाड जाळून वाफ होते, त्या वाफेवर वीज होते, आणि मळीपासून मद्यार्क निघतो. म्हणजे टाकाऊ असें फारसें कांहीं उरतच नाहीं. चरक व बॉयलर यंत्रवाल्यांचे, वीज विद्युतवाल्यांची, रसाची शुद्धि रसायनवाल्यांची, आणि इमारत स्थापत्यवाल्यांची. चार शाखा एका छपराखालीं पाहावयास मिळतात. १९३३ सालीं निघालेल्या मुंबईच्या ज्या विभागाचा उल्लेख वर आला, त्याचेंच पुढें रसायन तंत्रज्ञान संस्थेंत रूपांतर झालें. तिचें एक केंद्र २०१८ पासून मराठवाड्यांत जालना येथें चालू आहे.

इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक

या दोन शाखा वयानें लहान, पण आज सर्वांत अधिक गर्दी यांच्याकडेच असते. विद्युत शाखा विजेचा उपयोग शक्ति म्हणून करते, इलेक्ट्रॉनिक्स तिचा उपयोग निरोप म्हणून करते, असा ढोबळ भेद सांगतां येईल. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें रेडिओलहरींची प्रचंड दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभारली गेली. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर ती अतिशय जड व महाग झाली असती, आणि वाऱ्याचा दाबहि तिला सोसला नसता. म्हणून ती बारीक तारांच्या जाळीची केली. वारा जाळींतून निघून जातो, आणि मोठ्या लांबीच्या रेडिओलहरी मात्र जाळीवरून परततात. आकाशांतून येणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात, कीं त्या टिपणें हेंच इलेक्ट्रॉनिक्सचें कौशल्य आहे. आपल्या गांवच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत हृदयाचे ठोके दाखविणारीं यंत्रें चालतात, तींहि याच विद्येचीं अपत्यें.

संगणक शाखेविषयीं मोठा गैरसमज असा, कीं संगणक चालवितां आला म्हणजे ती शाखा आली. मोटार हांकणारा मोटार घडवीत नाहीं, तसेंच हें आहे. एखादें मोठें काम लहान लहान बिनचूक पायऱ्यांत कसें मांडावें, ही या शाखेची खरी विद्या, आणि तिचा पाया गणित व तर्क यांवर आहे. हवा तसा महासंगणक परदेशांतून मिळेना, तेव्हां पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक तयार झाला. अनेक साधे संगणक एकत्र जोडून काम वांटून द्यावें, ही त्यामागची कल्पना. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या काळांत तर ठराविक सांच्याचें काम यंत्रच करूं लागलें आहे. सबब या शाखेंत केवळ मागणी आहे म्हणून शिरणाऱ्यास पुढें जड जाईल. ज्याला कोडीं सोडविण्याचा मनापासून नाद आहे, त्याला मात्र ती कधींहि उपाशीं ठेवणार नाहीं.

याशिवाय धातुविद्या, खाणकाम, वस्त्रोद्योग, विमानविद्या अशा अनेक शाखा आहेत. त्यांपैकीं कृषि अभियांत्रिकीकडे आमच्या भागांतील मुलांनीं अधिक लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें. परभणीच्या कृषि विद्यापीठांत ती शिकवितात. अवजारें, ठिबक सिंचन, मृद्संधारण आणि धान्याची सांठवण हे तिचे विषय आहेत.

मुलींस ही विद्या झेपेल काय ?

हा प्रश्न अजूनहि विचारला जातो, म्हणून उत्तर देतों. मद्रासजवळील गिंडीच्या महाविद्यालयांतून ए. ललिता यांनीं १९४० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. अठराव्या वर्षीं त्यांना वैधव्य आलें होतें, आणि पदरीं तान्ही मुलगी होती. मुंबईच्या तंत्रशाळेंतून शकुंतला भगत १९५३ सालीं स्थापत्य अभियंता झाल्या, आणि सुट्या सारख्या भागांची जुळणी करून डोंगराळ मुलखांत त्वरित उभारतां येईल अशा पुलाची पद्धति त्यांनीं व त्यांच्या पतींनीं शोधून काढली. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं असा निर्णय केला, कीं ज्या कुटुंबांचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आंत आहे, त्यांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी माफ असावी. तेव्हां झेपेल कीं नाहीं हा प्रश्न आतां मुलींचा राहिला नसून पालकांच्या मनाचा आहे.

वाटा किती ?

या विद्येच्या मंदिराला एकच दार नाहीं. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत एक-दोन वर्षांत एखादा धंदा हातीं येतो. दहावीनंतरच तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेतां येते, आणि पदविका चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो. बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व गणित घेऊन राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा दिल्यास चार वर्षांच्या पदवीस जातां येतें, आय.आय.टी. व एन.आय.टी. यांसाठीं जे.ई.ई. ही परीक्षा आहे. पदविकेची वाट दुय्यम आहे असें मानून पुष्कळ पालक ती टाळतात. आमचें मत उलट आहे. ज्या मुलाचा हात कामांत चालतो पण ज्याला घोकंपट्टी साधत नाहीं, त्याला ही वाट फार मानवते; शिवाय तीन वर्षांनंतर वाटल्यास नोकरी व वाटल्यास पुढील शिक्षण, असे दोन्ही मार्ग त्याला मोकळे राहतात. इंग्रजीची धास्ती बाळगणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं २०२१ पासून मराठींतून अभियांत्रिकी शिकविण्यासहि परवानगी मिळाली असून तसे वर्ग निघाले आहेत. इंग्रजी ग्रंथ वाचण्याची शक्ति मात्र कमवावीच लागेल.

पालकांस विनंति अशी, कीं महाविद्यालय पाहावयास जाल तेव्हां इमारतीचा दर्शनी भाग पाहून परतूं नये. कार्यशाळेंतील यंत्रांवर तेल आहे कीं धूळ आहे, हें पाहावें. प्रयोगशाळेंत विद्यार्थी स्वतः हात लावतात कीं लांबून बघतात, हें विचारावें. दोन-तीन वर्षांपूर्वीं तेथून बाहेर पडलेल्या मुलांस गांठून ते काय काम करतात याची चौकशी करावी. फीच्या सवलती व शिष्यवृत्त्या कोणत्या आहेत, हें प्रवेशापूर्वींच लेखी समजून घ्यावें. कर्जाचा विचार त्यानंतर.

विद्यार्थ्यांनीं शाखा निवडण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. कोणती अडचण पाहिली म्हणजे माझें मन स्वस्थ बसत नाहीं ? कोणतें काम करतांना मला वेळेचें भान राहत नाहीं ? आणि गणिताचा कंटाळा आला तरी तें मी चिकाटीनें करूं शकतों काय ? पहिल्या दोहोंच्या उत्तरांवरून शाखा ठरेल. तिसऱ्याचें उत्तर नकारार्थी असेल, तर दुसरी एखादी विद्या घ्यावी, त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आणि पदवीची वाट न पाहतां आजच आरंभ करावा. आपल्या घराच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. छप्पर ५० चौरस मीटर भरलें, आणि एका पावसांत १० मिलिमीटर पाणी पडलें, तर त्या छपरावरून ५०० लिटर पाणी वाहून गेलें. तें कोठें गेलें, कसें अडवितां आलें असतें, किती मोठी टाकी लागली असती, व तिला खर्च काय आला असता, याचा हिशेब एका कागदावर मांडा. वडील माणसांस तो दाखवा. ते चुका काढतील, त्या सुधारा. ज्याला या कागदांत गोडी वाटेल, तो इंजिनियरीच्या वाटेला लागला असें खुशाल समजावें. आमच्या भागाला पाण्याची, टिकाऊ घराची, अखंड विजेची आणि सोप्या अवजाराची तहान आहे. ती भागविण्यासाठीं बाहेरून कोणी येईल अशी वाट आपण फार दिवस पाहिली. आतां या शाळेच्या बांकांवर बसलेल्यांपैकींच कोणी ती अडचण अंगावर घ्यावी, अशी आमची इच्छा आहे.